नऊ पायऱ्या

२ मार्च

आज पुन्हा आला! 'पाहुणा ४१७'. बरोबर एक वाजता. आला तो सरळ आमच्या घराच्या दारात जाऊन उभा राहिला. चाळीस मिनिटं!

'आमच्या' काय लिहितेय मी. गेममधल्या घराच्या. पण ते आमचंच घर आहे आणि हे माझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही. म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत तरी तसं वाटत होतं.

माऊस दोनदा हातातून सुटला. ऑफिसात दाढीने विचारलं, "गाववाली, बरं नाहीये का?" म्हटलं, चहा जास्त झाला.

३ मार्च

नीट लिहून काढते. निदान डोकं तरी ताळ्यावर येईल.

ऑफिसात मला गाववाली म्हणतात, कारण गेममधलं गाव माझं. खेळणाऱ्याने पोस्टमन व्हायचं आणि गावभर पत्रं वाटायची — एवढाच खेळ. बाकी सगळी मजा गावात. कोण कधी उठतं, कोणाचं कोणाशी पटत नाही, कुठलं फाटक करकरतं, हे सगळं मी ठरवते. दाढी आमचा प्रमुख. दोन वर्षांपूर्वी माझं पहिलं गाव बघून म्हणाला होता, "घरं सुरेख आहेत गं. पण इथं कुणी राहत नाही."

इतका राग आला होता! दोन दिवस धुमसत होते. तिसऱ्या दिवशी आमच्याच फाटकात उभी राहिले आणि डोळे उघडले. आमचं घर रस्त्यापेक्षा उंचावर. फाटकातून दारापर्यंत नऊ पायऱ्या, त्यातली चौथी डुगडुगते. समोर शिंपी. तो जेवायला गेला की दाराच्या कडीला कात्री अडकवून जातो. पुढे कोपऱ्यावर बेकरी. स्कूटरखाली झोपणारं कुत्रं — स्कूटर कुणाची आहे ते त्या कुत्र्यालाही माहीत नसेल. सगळं जसंच्या तसं उचललं. दाढीने दुसरं गाव घरन्‌घर फिरून बघितलं. मग म्हणाला, "आता इथं भाडं भरून राहीन मी."

काय फुशारले होते तेव्हा. गाढव!

कारण तेवढ्यावर थांबले नाही. पडद्यातली बाईही घातली. हिरवा पडदा, दुपारी दोनदा बोटभर सरकतो. बाई बाहेर कधीच येत नाही. पत्र घेते, दार लावते आणि लावलेलं दार तीनदा ओढून बघते. खेळणाऱ्यांची ती भलतीच लाडकी. ती कोण, कुणाला घाबरते, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात.

ती माझी ताई आहे.

४ मार्च

काल पुढे लिहवेना.

तीन वर्षांपूर्वी ताई एका पिशवीनिशी माझ्याकडे आली. डाव्या कानाने अजून कमी ऐकू येतं तिला. ज्याला मी आठ वर्षं भाऊजी भाऊजी करत होते, त्याने फोनवर मला सांगितलं होतं, "पाताळात लपवलीस तरी शोधून काढीन." मी घर बदललं, नंबर बदलला. वकीलबाई सोडल्या तर आमचा पत्ता कुणाकडे नाही. ताईने खाली उतरायचं नाही, खिडकीशी रेंगाळायचं नाही — हे नियम माझेच. पहिल्या वर्षी तर तीच पलंगाखालून बाहेर येत नव्हती. आता घरी बसून लोकांच्या बैठकांचं रेकॉर्डिंग ऐकते आणि टाइप करून देते. ऑफिसातला माझा जुना लॅपटॉप आहे तिच्याकडे. एका कानाने ऐकते, पण एक शब्द चुकत नाही.

दार तीनदा ओढून बघायची सवय तिची लग्नापासूनची. तो त्यावरून तिची नक्कल करायचा, चारचौघांत. आम्हीही हसायचो. मीसुद्धा.

आणि मी ती सवय लाखभर लोकांच्या हातात देऊन बसले! खरं वाटावं म्हणून!

५ मार्च

आज दारातून निघाला, शिंप्यापर्यंत गेला, परत आला. एकही पत्र वाटलं नाही.

६ मार्च

आमच्याकडे एक नकाशा आहे. कोण खेळणारा कुठून कुठे चालला, त्याची बारीक रेघ उमटते त्यावर. बाकीच्यांच्या रेघा म्हणजे नुसता गुंता — इकडे पळ, तिकडे घुस, विहिरीत उडी मारून बघ. याची रेघ सरळ. दार, नऊ पायऱ्या, फाटक, शिंपी. परत फाटक, पायऱ्या, दार. तेच पुन्हा. आज पंधरा वेळा.

कुणी असं खेळत नाही. असं पाठ करतात.

पहिल्या दिवशीची रेघ शोधून काढली. नवा माणूस एसटीच्या थांब्यावर उतरतो आणि अर्धा तास तरी भटकतो. हा उतरला, थोडा चुकला आणि मग आमचं फाटक दिसल्याबरोबर तडक वर.

९ मार्च

आज बेकरीपर्यंत. बेकरीच्या पुढे वळला आणि चक्रावला. त्याच गल्लीत गोल गोल फिरत राहिला. म्हणजे एवढाच भाग माहीत आहे त्याला. पुढचं शोधतोय.

राहवेना. सर्व्हरवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, हा पाहुणा कुठला रे असेल? खातं न उघडता खेळणारे सगळे पाहुणेच, त्यांची नावं नसतात. त्याने दोन बटणं दाबली आणि हसत म्हणाला, "अरे, हा तर आपल्याच शहरातला! गाववाले गाववाले भेटा एकदा."

मी संडासात जाऊन बसले.

याच शहरात आहे.

१० मार्च

वकीलबाईंना फोन. त्या म्हणाल्या, "दीड वर्षात त्याने एक अर्ज केलेला नाही. तारखेलाही येत नाही. अहो, त्याला आता तुमच्यात रस राहिला नाहीये." मी म्हटलं, गप्प बसलेल्या माणसाचीच जास्त भीती. त्या म्हणाल्या, "ते खरं. पण गेम खेळणारा तोच कशावरून?"

कशावरून? वकील लोकांचं इथेच घोडं पेंड खातं. त्यांना पुरावा लागतो. मला नुसती ती रेघ बघून घाम फुटतो.

घरी आले तर जेवताना ताई म्हणते, "आपल्या घराच्या मागून कुठे निघता येतं का गं?" तिलाही वास लागला की काय? मी ओरडलेच — तुला काय करायचंय मागून! ती खाली मान घालून जेवली. मग म्हणाली, "नाही, सहज."

तिला काही सांगायचं नाही. सांगितलं तर परत पलंगाखाली जाईल.

११ मार्च

ठरलं. गाव बदलायचं.

नऊच्या बारा पायऱ्या केल्या. डुगडुगती पायरी पक्की. शिंपी हलवला, त्याची कात्री काढली. बेकरीकडे जाणारा रस्ता भिंत घालून बंद. आणि हिरवा पडदा — तो काढताना मात्र हात अडला. काढला. बाईचं घर रिकामं. बाहेर कुलूप.

दाढीला म्हटलं, मागचं गाव जुनं झालं होतं. त्याने दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "जिवंत गाव मारलंस तू. का, ते सांगणार आहेस?" नाही म्हटलं. भला माणूस आहे. पुढे विचारलं नाही. पण खुर्ची अशी सरकवली की सगळ्यांनी मान वर केली.

१३ मार्च

नवं गाव आजपासून चालू.

एक वाजता आला. दारासमोर आला, कुलूप दिसलं. बराच वेळ तिथेच. मग उतरला. मध्येच थांबला, पुन्हा वर गेला, पुन्हा उतरला. पायऱ्या मोजत होता!! मग भिंतीपर्यंत गेला आणि पन्नास मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तो ठिपका मी पन्नास मिनिटं बघत होते. वाटत होतं, आता वळून माझ्याकडे बघेल.

१४ मार्च

आला नाही.

१६ मार्च

नाही आला. सुटलो बहुतेक. हरवली वाट बेट्याची! खेळणाऱ्यांनी शिव्यांचा पाऊस पाडलाय. 'आमची पडद्यातली बाई कुठे गेली', 'कुणी मारलं तिला', एक ना दोन. देऊ देत. खरी बाई सुखरूप आहे ना माझी.

तशी फार सुखरूपही दिसत नाही. चार दिवस धड जेवलेली नाही. कामही तसंच पडलंय, लॅपटॉप बंद. विचारलं तर म्हणते, "कंटाळा आला." ताईला कंटाळा? तीन वर्षांत हा शब्द पहिल्यांदा ऐकला. थोडा वेळ खिडकीशी उभी होती. मी पडदा ओढून घेतला. तिने माझ्याकडे असं बघितलं — जाऊ दे.

१८ मार्च

आजही नाही. भीती कमी व्हायला हवी होती. होत नाहीये. नकाशावर तो दिसत होता तेव्हा निदान कुठे आहे ते कळत होतं.

१९ मार्च, दुपारी पावणेतीन

डोकं दुखतंय म्हणून लवकर घरी आले. दार नुसतं लोटलेलं. ताई नाही.

ताई नाही. न्हाणीघरात नाही, पलंगाखाली नाही, कपाटात नाही. कपाटात बघितलं मी! हाका मारल्या. शिंप्याचं दुकान बंद, दाराला कात्री. कुणाला विचारू?

तिच्या चपला नाहीत. तीन वर्षं माळ्यावर होत्या, वर्तमानपत्रात बांधून. वर्तमानपत्र जमिनीवर पडलंय. चपला घालू दिल्या त्याने? की तिनेच, घाबरून, तो म्हणेल तसं — वकीलबाई म्हणतात पोलिसांना कळवते, तुम्ही घरीच थांबा. कशी थांबू! लिहीत बसलेय, कारण लिहायचं थांबवलं तर किंचाळेन.

मीच वाट दाखवली त्याला. पायऱ्या, फाटक, शिंपी, सगळी. नंतर भिंत घातली, पण तोवर पाठ झालं होतं त्याचं. माझी ताई. आईला काय सांगू मी? देवा, तिला काही

चौथी पायरी वाजली.

त्याच दिवशी

ताई होती. एकटी. घामाघूम, हातात बेकरीचा ब्रेड, अजून गरम. मी तिला धरून इतकी रडले की ब्रेड चेपला.

तिने दार लावलं. ओढून बघितलं नाही.

मग म्हणाली, "पायऱ्या नऊच आहेत गं. गेममध्ये बारा कशाला केल्यास? महिना होत आला, रोज दुपारी त्यातच थोडं थोडं पुढे जात होते मी. पार बेकरीपर्यंत पोचले होते. भिंत काढ ती. पुढची गल्ली शिकायची राहिलीये माझी."