खुंट्याखालचं पाणी

माय, मी तुझ्या लेकाचं डोकं फोडलं. डोंगा ढकलायच्या बांबूनं, भरदुपारी, तलावाच्या पाळीवर, साऱ्या गावासमोर. तू असतीस तर आधी माझ्या कानाखाली ओढली असतीस आणि मग विचारलं असतंस, काहून मारलं व त्याले? तुझी रीतच तशी, आधी हात, मग प्रश्न. त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायला बसले आहे. थोडं लांबेल. आता तुला कुठं एकोडीचा बाजार गाठायचा आहे?

तुझी आठवण आली की मला आधी पावशी दिसते, मासोळी चिरायची ती विळी. तू चुलीपुढं बसली आहेस, एक पाय पावशीच्या पाटावर, शेजारी टोपलीत जिवंत मरळ. मरळ लवकर मरत नाही. तू तिचं डोकं दगडावर आपटतेस आणि तेवढ्यात आम्हा बहीणभावाच्या चुगल्याही ऐकून घेतेस. मग दोघांनाही सारखाच मार. "एका पोटचे आहा तुम्ही. एकमेकाचं रगत काढसान तं हातच तोडीन," म्हणायचीस, आणि तोच हात भाताच्या ताटाकडं ढकलायचीस. तुझी भीती आम्हालाच नाही, गावातल्या बाप्यांनाही वाटायची. तलावाचं पाणी खाली शेतात सोडायच्या तुडुमाजवळ पाण्यात सागाचा खुंटा रोवलेला होता. खुंट्यावरचं पाणी धानाचं, खुंट्याखालचं मासोळीचं. खुंट्याचं डोकं उघडं पडलं की तुडूम बंद करायचं, मग खाली बंधीच्या वावरात धान जळो की राहो. हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता, पण साऱ्यांना पाठ होता. एका कोरड्या साली एका शेतकऱ्यानं डोकं उघडं पडल्यावरही तुडुमाला हात घातला. "एक डाव, मावशी," म्हणाला. तू डोक्यावरची टोपली खाली ठेवलीस. "मासोळी रडत नाही म्हून तिचा हिस्सा खातं काय रे?" एवढं बोलून त्याला पाण्यात लोटलंस आणि त्याची मान दाबून धरलीस. बुडबुडे यायला लागले तरी सोडेनास. चौघांनी मिळून तुला ओढलं. दुसऱ्या दिवशी तोच माणूस तुझ्याकडं मासोळी घ्यायला आला आणि तू त्याला एक जास्तीची टाकलीस. असे दिवस होते. वैर होतं, पण ते कुठं संपतं ते ठाऊक होतं.

तू गेल्यावर तलावावर पाहुणे यायला लागले. पाखरं तर नेहमीचीच, पण पाखरं बघायला माणसं येतात हे ऐकून तू पोट धरून हसली असतीस. गळ्यात दुर्बिणी अडकवून येतात, डोंग्यात बसतात, बदकांकडं बघून कुजबुजतात. मला गावातच दिलेली, मालक गेल्यावर मी इथल्याच बायांना जमवून पाळीखाली स्वयंपाक सुरू केला. आपलेच झिंगे, आपलाच भात, तुझ्याच हातचं वाटण. शहरातल्या बाया बोटं चाटत विचारतात, यात काय घातलं? मी सांगते, आमच्या मायचा राग. चार घरं त्यावर चालतात. पण थंडीच आता थंडीसारखी पडत नाही. पाखरं उशिरा येतात, थोडी येतात, लवकर जातात. मध्ये कोकणातलं एक जोडपं आलं होतं, समुद्रकाठी त्यांचंही असंच पाहुण्यांचं घर. ती बाई जेवताना म्हणाली, "दर वादळात आमचं अंगण थोडं थोडं समुद्रात जातं. कासवं बघायला लोक यायचे, आता कासवांना अंडी घालायला वाळूच उरली नाही." ती रडली नाही, भात कालवत राहिली. मला वाटलं, ही माझी बहीण.

एकदा माघात गारा आल्या, त्याही लिंबाएवढ्या. पाहुणे डोंग्यात होते, डोंगे मधोमध. मी काठावरून ओरडत होते आणि माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. एका बाईचं कपाळ फुटलं, नावाड्याचा खांदा निखळला. थांबलं तेव्हा सारा तलाव उलट्या पडलेल्या बदकांनी भरला होता, पांढरी पोटं वर. काही जिवंत होती, एकाच पंखानं पाणी मारत होती. मी तुझ्यासारखीच काठाला लागलेल्या एकेकाला उचलून दगडावर आपटलं. पाहुण्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. मी हाल थांबवत होते आणि त्यांना मी खाटीक दिसत होते.

मग पुराचं साल आलं. पाणी सलंगाच्या सांडव्यावरून कोसळत होतं, पाळ फुटेल म्हणून माणसं पोती घेऊन उभी. त्याच साली आम्ही खुंटा काढला. होय माय, आम्हीच. फोटो काढायच्या जागेला पाटी लावायची होती आणि जुन्या सागासारखं मजबूत लाकूड गावात दुसरं नव्हतं. सभेत कोणी नाही म्हटलं नाही. शेतकरी हसून म्हणाले, एवढ्या पाण्यात खुंटा कायले पायजे? लोखंडी सब्बल घेऊन, बुडी मारून तो उपटला तुझ्याच लेकानं आणि मी त्याला चहा दिला. आता पाणी कधी कमी पडणारच नाही, अशी साऱ्यांची समजूत झाली होती. तुझ्या पिढीनं असली चूक केली नसती, कारण तुम्ही पावसावर कधी विश्वासच ठेवला नाही.

यंदा सारा पाऊस आषाढातच ओतला आणि वाहून गेला. पुढं ढग नुसते यायचे, तोंड दाखवून जायचे. भाऊ आता मासोळी करत नाही, तलावाखालची बंधी ठेक्यानं करतो. दसऱ्याला त्याचं धान गर्भात होतं, शेवटचं एक पाणी मिळालं नसतं तर सारं पोचट. आणि ते पाणी सोडलं असतं तर तलावात चिखल उरला असता. मग ना मासोळी, ना पाखरं, ना डोंगे, ना माझ्या बायांची चूल. मी तुडुमावर जाऊन बसले. तो सब्बल घेऊन आला, मागं अर्धं गाव. माझ्यामागं उरलेलं अर्धं.

"सरक बाई. धान मरून राहिलं."

"हे मासोळीचं पाणी हाये."

"मासोळीचं? मंग खुंटा कुठी हाये? दाखव मले खुंटा!"

काय दाखवणार? कोणी म्हणे खुंट्याचं डोकं इथं यायचं, कोणी म्हणे तिथं. पाणी ज्याच्या त्याच्या सोयीनं वरखाली व्हायला लागलं.

"पाहुण्यायले पोसते अन् भावाले उपाशी मारते," तो म्हणाला आणि सब्बल तुडुमात घातली. मी त्याचा हात धरला, दातांनी. त्यानं मला झटकलं, माझं डोकं दगडावर आदळलं. मग कोण कोणाला मारत होतं ते सांगता येणार नाही. माझ्या चुलीवरच्या बायांनी शेतकऱ्यांच्या बायांची केसं धरली. दोन म्हातारे पाळीवरून गडगडत खाली गेले आणि खालीही एकमेकांच्या नरड्यावरच होते. मी डोंग्याचा बांबू उचलला. भाऊ पाठमोरा वाकून तुडूम फोडत होता. मी दोन्ही हातांनी हाणला. आवाज ओळखीचा होता, मरळीचा. तो तोंडावर पडला आणि त्याच क्षणी पाणी सुटलं.

पाणी थांबेना. फुटलेलं तुडूम लिंपायला हात रिकामा नव्हता. दिवस कलायच्या आत तलावाचा चिखल झाला आणि त्यात मासोळी तडफडायला लागली. माय, आता जे सांगते ते ऐकून तू थुंकशील. जे एकमेकांचे गळे दाबत होते तेच टोपल्या घेऊन चिखलात शिरले. तोंडाला रक्त, हातात मासोळी. माझ्या बायाही शिरल्या. मी भावाचं डोकं मांडीवर घेऊन पाळीवर बसले होते आणि त्यांना बोटाएवढ्या मासोळ्याही उचलताना बघत होते. त्याच्या बंधीत पाणी पोचलं. धान वाचलं, पण कापून पसरलं होतं तेव्हा अवकाळीनं तीन दिवस झोडपलं आणि कडपांतल्या दाण्यांना तिथंच कोंब फुटले.

तो जगला. उजव्या कानानं ऐकू येत नाही. साकोलीला डॉक्टरनं विचारलं तेव्हा म्हणाला, "पाळीवरून घसरलो." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी रोज त्याच्याकडं डबा नेते, तो जेवतो, डबा धुऊन देतो. यंदा एकही पाहुणा आला नाही, ना पंखांचा, ना दुर्बिणीचा.

हे पत्र मी कुठं पाठवणार? तुला वाचता येत नव्हतं. मावशीची, मामाची पत्रं यायची ती तोच तुला वाचून दाखवायचा, आणि वाईट मजकूर आला की गाळून पुढं जायचा. कोणाचा बैल मेला, कोणाची सून माहेरी गेली, काहीच तुझ्यापर्यंत पोचू द्यायचा नाही. मी शेजारून कागदात डोकावत असायचे, मला दिसायचं त्यानं कुठली ओळ सोडली ते. हेही त्यानं तसंच वाचलं असतं. बहिणीनं मारलं ही ओळ आली की म्हणाला असता, घसरलो.

पण एक ओळ त्यालाही गाळता येणार नाही, कारण ती कागदावर नाही, त्याच्यासमोरच घडणार आहे. पुढच्या साली पाणी पुन्हा कमी पडणार, हे आम्हा दोघांनाही कळलं आहे. तो पुन्हा सब्बल घेऊन येईल. आणि माय, मी पुन्हा मारीन.