सही येते

बाई, तुम्ही देवाघरी जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज तुम्हाला लिहायला बसले. बसले म्हणजे बोलते आहे, लिहिते आहे नात. मी 'मले' म्हटलं की ती 'मला' करते. वाचून दाखवते तेव्हा वाटतं, ही कोण शहाणी बाई बोलून राहिली?

तुम्ही सिंदी मेघेवरून यायच्या, जामला एसटीतून उतरून आमच्या गावापर्यंत चालत. दुपारी देवळाच्या ओट्यावर आम्ही लेकुरवाळ्या बाया पाट्या घेऊन बसायचो. आधी तुम्ही सही शिकवली, त्यानं हुरूप येतो म्हणून. अक्षरं नंतर शिकवणार होत्या. मग वर्गाची तपासणी करायला साहेब येणार असं कळलं. तुम्ही बजावलं, "जे येत नाही ते येत नाही म्हणा, बायांनो. कुठं अडतं ते कळलं तरच शिकवणं सुधारता येईल." आम्ही माना डोलावल्या. तुम्ही पाणी प्यायला गेल्या, तशी माझी जाऊ म्हणाली, "आपण नापास झालो त बाईची नोकरी जाईन." नापास होऊन कोणाचं भलं होतं, अशी परीक्षा आम्ही कधी पाहिलीच नव्हती.

साहेब मला धडा वाचायला सांगतात. तुम्ही रोज वाचून दाखवायच्या, म्हणून धडे मला पाठच. मी बोट ठेवून घडाघडा म्हणते, आणि त्या ओघात पान न उलटताच पुढचा धडाही म्हणून टाकते. जाऊ पदरात तोंड घालून हसते आहे. तुमचा चेहरा उतरलेला. यांचं पाठ आहे, न पाहिलेला कागद द्या, असं तुम्ही विनवलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "सही येते ना? मग झालं." सगळ्यांनी सह्या केल्या. गाव साक्षर ठरलं, वर्ग उठला, पाट्या पुढच्या वर्गाला, अल्लीपूरला गेल्या. तुम्ही रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मला वाचवलंत, आणि वाचायचं राहिलं."

यंदा गावात नवा वर्ग निघाला. मी नटूनथटून गेले. शिकवणारी पोरगी म्हणाली, "आजी, तुम्ही तर शिकलेल्या आहात."

"पोरी, मले वाचता येत नाई."

तिला थट्टा वाटली. जन्मभर सगळ्यांची थट्टा केली, आता खरं कोण मानणार? सही करून दाखवा म्हणाली. हात आपोआप चालला. ती हसली, आणि तिनं मला घरी पाठवलं. आता पुन्हा विचारायला जाणार नाही.

नात म्हणते, पत्र धाडता येत नाही तरी खाली सही कर. केली. ती बघतच राहिली. बाई, मी सही कशी करते ते तुम्ही कधी नीट पाहिलं नसेल. मी आधी वरची रेघ ओढते, मग तिला जे लटकवायचं ते लटकवते. त्यातलं कोणतं काय म्हणतं, ते मला अजून ठाऊक नाही.