राखेतून आलेला गोळा

११ जाने., रवि.
सकाळी हिला सावडलं. राखेत हाताला गोळा लागला. लहान लिंबाएवढा, धातूचा, काळानिळा, राख चिकटलेली. तीन वर्षांमागं हिच्या खुब्यात बसवलेला. चुलतभाऊ नाना म्हणाला, "सोड नदीत, आप्पा. ते काय हाड हाय व्हय?" अस्थी सोडल्या. गोळा रुमालात बांधून आणला.

१२, सोम.
झोप नाही. गोळा मागं राहिला म्हणून ही अडकेल का. लंगडत जाईल का. कुणाला विचारू.

१४, बुध.
संक्रांत. सुतक, तिळगूळ नाही.
ऑपरेशनआधी ही फार घाबरलेली. आमचा संजा पिरंगुटला कारखान्यात असलेच गोळे घासतो. त्यानं समजावलं, "काळं पाणी असतंय, लोखंडाची पूड घातलेलं. लोहचुंबकानं ते घट्ट होतंय. गोळा त्यात फिरला की आरसा."
ही म्हणाली, "पाण्यानं गोळा घासतोस? घरचा तवा तर कधी घासला न्हाईस!"
मग तो म्हणाला, "आये, तुझा गोळा मीच घासलाय." तेव्हा कुठं तयार झाली.

१५, गुरु.
संजा कामावर गेला. नंतर पाहतो तर रुमाल रिकामा. घर पालथं घातलं.
संध्याकाळी त्यानं गोळा हातावर ठेवला. लखलखीत. राखेचा कण नाही.
"आप्पा, तवा मी खोटं बोललो. आयेचा गोळा भायेरनं आल्याला. आज खरं केलं."
रडला. हिची राख तेवढीच उरली होती.

१६, शुक्र.
विचारलं, "राख गेली कुटं?"
"त्या पाण्यात. जुनंच होतं, पिंपात ओतलंय. सोमवारी कचऱ्याची गाडी नेईल."
"बाटलीभर आण."
तो डबा घेऊन कामावर गेला. साहेबानं पाहिलं तर? नोकरी जाईल. उगाच बोललो.

१८, रवि.
दहावा झाला. नाना म्हणाला, "समदं सोडलंस न्हवं?" मान हलवली. गोळा खिशात होता.
घरी आल्यावर संजानं बाटली दिली, लोहचुंबकही. बाटलीला बाहेरून लावून धरलं. लोखंड हळूहळू त्या बाजूला गोळा झालं. उरलं ते राखाडी, गढूळ.
"ही आये?"
"त्यात घासायची पूड पण असतीया, आप्पा."
ती कशी वेगळी करायची, त्यालाही माहीत नाही. बाटली कोनाड्यात ठेवली आहे. हात काढला की लोखंड परत खाली येतं, म्हणून लोहचुंबक बाटलीला दोरीनं बांधून ठेवलं आहे.