पौडच्या पोरींचा तीनताल

पौड,
१२ फेब्रुवारी १९६१

प्रिय अनसूया,

माझ्या दोन पत्रांना तुझं उत्तर आलं नाही. रागावले नाही. पण सव्वीस जानेवारीची बातमी तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, म्हणून हे तिसरं.

इथल्या मुलींच्या शाळेत बदली होऊन मला दीड वर्ष झालं. शाळा सुटल्यावर मी कथक शिकवते. मुली अकरा. पाच चिमुरड्या, त्यांना डावा-उजवा पाय कळत नाही. पाच जणींच्या पायांत तत्कार बरा बसलाय. आणि एकटी जया, शेजारच्या भरे गावच्या हैबतरावांची मुलगी, आज दाखवलेला तुकडा उद्या बिनचूक समेवर आणून ठेवते. एवढ्यांना एकाच खोलीत, एकाच तासात काय शिकवायचं? चिमुरड्यांकडे वळले की मोठ्या गप्पा मारायच्या, जयाकडे वळले की चिमुरड्या चिंचा पाडायला पसार. सहा महिने मी नुसती धावत होते.

मग आपल्या गुरुजींचा वर्ग आठवला. तू पुढच्या रांगेत, मी मागच्या, आणि तुकडा एकच. मीही तसंच केलं. लहानग्यांनी हातावर टाळी देत सोळा मात्रा धरायच्या, मधल्यांनी पायांनी तत्कार करायचा, त्यावर जयाने तुकडा नाचायचा. डोंगरावरच्या वाडीतल्या फुलाला सोळापर्यंत मोजता येईना, तर तिने सरळ बोलच पाठ केले. आता सगळ्यांत पक्की तीच. तबला कुठला इथे? भजनातले गेणबा पखवाज घेऊन येतात. तीनताल त्यांनी माझ्याकडून आठवडाभरात उचलला, पण रंगात आले की लय पळवतात.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या अंगणात कार्यक्रम ठरला आणि चार दिवस आधी हैबतरावांचा निरोप आला, जया नाचणार नाही. मी भऱ्याला गेले. त्यांनी चहा दिला, अदबीने बोलले, पण हलले नाहीत. चांगल्या घरची पोर चारचौघांत पाय आपटत नाही, एवढंच. शेवटी तिने नुसतं बाजूला उभं राहून बोल म्हणावेत, एवढ्याला कबूल झाले. परतीच्या वाटेवर मला रडू आलं. जया मात्र दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर. तिचा तुकडा मी मधल्या पोरींना सोपा करून दिला, तर तीच त्यांना पाय कसा टाकायचा ते दाखवत बसली.

कार्यक्रमाला अख्खं गाव लोटलं. हैबतराव पहिल्या रांगेत. सुरुवात छान झाली, आणि मग माणसं बघून गेणबांना चेव आला. लय चढली. लहानग्यांच्या टाळ्या मागे पडल्या, मधल्या एकमेकींकडे बघू लागल्या, एक तर थांबलीच. मी उठणार, एवढ्यात बाजूला उभी असलेली जया पुढे आली. गेणबांच्या समोर उभी राहिली आणि ठाम, संथ तत्कार सुरू केला. गेणबांनी तिच्या पायांकडे पाहिलं आणि हात आवरला. फुलाने खणखणीत बोल उचलले. एकेक करत सगळ्या परत लयीत आल्या आणि मग, अनू, जयाने तो तुकडा पुरा केला. अकराही जणी एका समेवर आल्या. लोकांच्या टाळ्या थांबेनात.

मग हैबतराव उठून माझ्याकडे आले. ते म्हणाले, "बाई, ती पुढं आली तवा मी उठनार हुतो. पन तिनं सगळ्या पोरी सावरून आनल्या. आता तिला आर्धवट ठिवू नका."

त्या रात्री मी पोटभर जेवले आणि मग विचारात पडले. कारण जयाला आता चेहऱ्याने, डोळ्यांनी सांगायचा भाव शिकायचाय, आणि तो मला येत नाही. गुरुजी माझ्याबद्दल म्हणायचे, मनोरमेची राधा वर्गाची हजेरी घेतेय असं वाटतं. ते खरंच होतं.

तुझ्या गुडघ्याचं मला ठाऊक आहे. तू रंगमंचावर पडलीस तेव्हा मी विंगेतच होते. वर्ग बंद केलास, घुंगरू देऊन टाकलेस, हेही तुझ्या भावाकडून कळलं. तुझं सांत्वन करायला मी लिहीत नाही. मला शिक्षिका हवी आहे. बैठकीचा भाव बसूनच करायचा असतो, आणि नुसत्या डोळ्यांनी यमुनेचा घाट उभा करणारी मी तुझ्याशिवाय कुणी पाहिली नाही. येत्या रविवारी सकाळच्या एसटीने ये. थांब्यावर हैबतराव स्वतः छकडा घेऊन येणार आहेत. नव्या बाई येताहेत असं मी जयाला सांगूनही टाकलंय, आणि ती पोर चार दिवसांपासून आरशासमोर बसून भुवया उचलायचा सराव करतेय.

तुझी वाट बघणारी, मागच्या रांगेतली तुझीच
मनोरमा