गिझर पेटत नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

गिझर पेटला नाही. बटण दाबलं, बटणातला दिवा लागला – पण नेहमीची टिकटिक नाही, आणि मागून येणारा तो ‘भुस्स’ही नाही. पाच वेळा दाबून पाहिलं. शाम्पू डोक्यावर तसाच. शेवटी थंड पाण्याने काढला. दात वाजत होते. हसूही येत होतं, पण एकटीने हसण्यात काही राम नाही.

४ नोव्हेंबर

सिलिंडर भरलेला आहे. शेगडी पेटते, म्हणजे गॅस येतोय. बॅटरीही ठीक – गाडीतले दिवे, पाण्याचा पंप, सगळं चालू. पलंगाखालची फ्यूजची पेटी उघडली. झाकणावर यांच्या अक्षरात – ‘गिझर, डावीकडून चौथा.’ काढून उजेडात धरला. आतली तार शाबूत. आता पुढे काय, ते झाकणावर लिहिलेलं नाही.

हे जाऊन सात महिने झाले. निवृत्तीनंतर ही घरगाडी घेतली तेव्हा वाटणी ठरली होती. हे चालवणार आणि दुरुस्त करणार. मी नकाशा बघणार आणि स्वयंपाक करणार. चालवायला शिकले. दुरुस्तीचं राहून गेलं.

मुलाचा फोन आला. त्याने उन्हाळ्यातच बजावलंय – थंडीत काही अडलं तर मी येऊन तुला घरी नेणार, गाडी तिथेच राहू दे. कसं चाललंय म्हणाला. मस्त, म्हटलं.

६ नोव्हेंबर

पातेल्यात पाणी तापवून अंघोळ. एक पातेलं म्हणजे दोन हात आणि अर्धी पाठ.

७ नोव्हेंबर

घरगाड्यांचा हा तळ ओस पडलाय. मोसम संपला की सगळे जातात. वीस गाड्यांच्या जागेत दोनच उरल्या – माझी, आणि टोकाच्या झाडाखाली त्या गृहस्थांची. फाटकावरचा राखणदार त्यांना ‘लिफ्टवाले’ म्हणतो. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या म्हणे. दोन महिन्यांत आमचं बोलणं काय, तर – वारा आहे आज. हो, आहे.

आज नाक मुठीत धरून गेले. गिझरचं सांगितलं. टिकटिक होते का, एवढंच विचारलं त्यांनी. नाही म्हटल्यावर म्हणाले, मग गॅसचं दुखणं नाही, विजेचं. आणि आत जाऊन दार लोटलं. मला वाटलं, झालं, संपलं. तर उद्या सकाळी मीटर घेऊन येतो म्हणून आतूनच सांगितलं.

८ नोव्हेंबर

आले. गाडीच्या बाहेरच्या अंगाने गिझरचं झाकण उघडून गुडघ्यांवर बसले. मला आत बटणापाशी बसवलं. ते म्हणणार ‘चालू’, मी दाबायचं. ‘बंद’, मी सोडायचं. सात महिन्यांत कुणी मला काही काम सांगितलं नव्हतं. बरं वाटलं.

वीज कुठपर्यंत पोचते ते मीटर लावून बघत होते. वायर आत शिरते तिथे बारा व्होल्ट. थर्मोस्टॅटनंतर बारा. त्यापुढे कटऑफ – नाण्याएवढी चपटी चकती. पाणी भलतंच तापलं की ती वीज तोडते, म्हणजे टाकी फुटत नाही. तिच्यापुढे शून्य. मला बाहेर बोलावलं.

‘ताई, हे कुणी केलंय?’

कटऑफला बगल देऊन एक वायर जोडलेली होती. कटऑफ केव्हाच मेलेला. कुणीतरी वीज परस्पर पुढे नेली होती – डायरेक्ट. ती वायर गंजून तुटली, म्हणून गिझर बंद पडला.

गाडी जुनीच घेतली, आधीच्या मालकाने केलं असेल, म्हटलं. खोटं बोलले. वायरच्या जोडावर हिरवा दोरा गुंडाळलेला होता. माझ्या शिवणाच्या डब्यातला. चिकटपट्टी संपली की हे दोरा गुंडाळायचे.

‘ही वायर जोडली तर आत्ता पाणी तापेल,’ लिफ्टवाले म्हणाले. ‘पण मी जोडणार नाही.’

दुकानात फोन केला. नवा कटऑफ यायला तीन आठवडे.

९ नोव्हेंबर

सकाळी झाकण मीच उघडलं. वायरची दोन टोकं हातात धरली. बोटभर अंतर. जोडली की गरम पाणी, आणि मुलाला काही कळायला नको.

पण माझ्या उशीमागेच ती टाकी. दोन वर्षं तिथे डोकं ठेवून झोपले, आणि यांना माहीत होतं! विचारलं असतं तर म्हणाले असते – काही होत नाही गं. काही झालं नाही, हेही खरं. पण सांगायचं तरी.

हे गेल्यापासून रडले पुष्कळ, रागावले एकदाही नाही. गेलेल्या माणसावर काय रागवायचं? आज रागावले. हे समोर बसलेले असावेत तशी एकटीच मोठमोठ्याने भांडले. मग कापडाच्या कात्रीने वायर कापून टाकली. त्या कात्रीने यांना कधी कागदसुद्धा कापू दिला नव्हता.

१० नोव्हेंबर

मुलाला सांगितलं एकदाचं. शनिवारी न्यायला येतो म्हणाला, सामान बांधून ठेव. हो म्हटलं. त्याच्या घरी मागची खोली रिकामीच आहे, सूनही चांगली आहे. तक्रारीला जागा नाही. तरी दिवसभर एकही पिशवी भरली नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

लिफ्टवाले न बोलावता आले. हातात कटऑफ. जुन्या सामानात एक पडला होता म्हणाले. बसवला. मी बटणापाशी.

‘चालू.’

टिक. टिक. टिक. भुस्स!

अर्ध्या तासाने नळाला हात लावला तर चटका. चहा घ्या म्हटलं तर हात दाखवले – काळे झालेत, नको – आणि गेले. मीटर इथेच विसरले.

टाकी रिकामी होईस्तोवर अंघोळ केली. मग मुलाला फोन. शनिवारी ये, पण न्यायला नको, दोन दिवस राहायला ये, म्हटलं. बघतो म्हणाला.

पाणी तापलं हे आणखी कुणाला सांगावं ते सुचेना. म्हणून इथे लिहितेय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी मीटर परत द्यायला गेले. लिफ्टवाले बाहेरच्या नळावर डोकं धूत होते. अंगावर काटा, कान लालभडक. त्यांच्या गाडीच्या गिझरचं झाकण उघडंच होतं. आत दोन वायरी सुट्या, टोकांना नीट चिकटपट्टी लावलेली. मधली चकती नाही.

‘मला सवय आहे,’ ते म्हणाले.

‘टॉवेल घ्या आणि चला,’ मी म्हटलं.

माझ्या गाडीच्या पायरीवर बसून लिहितेय. आत पाण्याचा आवाज येतोय.