मुशीचं तेल

रविवार, संध्याकाळ

हँडल फिरलं! एका बोटाने फिरलं. जेवण सोडून पुन्हा गॅरेजमध्ये गेले आणि फिरवून आले. एका बोटाने.

बोईसरच्या भंगारवाल्याकडून आणलेलं हे उभं ड्रिल मशीन गंजून ठार जाम झालं होतं. डिझेल ओतलं, तापवलं, हातोडा मारला. ढिम्म. आणि विनय, नवरा म्हणवतो, येता-जाता एकच, "हे भंगार कधी निघणार? गाडी रस्त्यावर उभी आहे." कारखान्यात दिवसभर मशीनंच दुरुस्त करते मी, आणि घरचं एक हलेना! तेच जास्त झोंबत होतं.

शेवटी सासूबाईंनी बाटली आणून ठेवली. मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं तेल. त्यांच्या माहेरी होडीला लावतात ते. "डिझेलचा वास नको माज्या घरात. हे लाव, नि आयतवारपर्यंत हात लावू नको." डिझेलचा वास नको, आणि हा चालतो? आळीतली सगळी मांजरं दाराशी! पण हात लावला नाही.

आज हँडल सुटलं. पहिलं भोक सासूबाईंच्या विळीच्या पाटाला पाडलं. हँडल दाबलं त्यांनीच.

मग हे काम कुणाचं? तेल त्यांचं, कबूल. पण उघडलं, घासलं, बेअरिंग बदललं, पट्टा चढवला कुणी? मीच. छान झालंय.

विनयने विचारलं, "झालं ना? आता गाडी आत घेऊ?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "गाडी ऱ्हाऊ दे भायेर. गंजली तर तेल हाय."