खिडकीत राहिलेल्या प्लेटा

९ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतंय, खोलीतला नळ आता गळत नाही. तुमचे नेहमीचे प्रश्न संपले. पत्र अशासाठी, की फोन तुम्ही मधेच ठेवता. पत्र फार तर फाडता येईल, आणि आईसमोर तेवढी हिंमत तुम्ही करणार नाही.

आधी कामाचं सांगते. मागच्या मंगळवारी प्रयोगशाळेत एक गाढवपणा केला. आम्ही जीवाणूंवर अतिनील किरण सोडतो. तेच, जे तुमच्या वेल्डिंगमधून निघतात आणि काच न लावता पाहिलं की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. किरण दिले की जीवाणूंच्या प्लेटा, म्हणजे ते वाढवायच्या चपट्या बशा, लगेच अंधाऱ्या कपाटात ठेवायच्या. माझ्या निम्म्या खिडकीत राहिल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर कपाटातल्या प्लेटांवर जीवाणूंचे तुरळक ठिपके आणि खिडकीतल्या गच्च भरलेल्या. ज्यांच्यावर पाणी सोडलं होतं, ते जीवाणू मजेत वाढत होते!

मॅडमनी आधी झाडलं, मग हसल्या. "हे तुझ्या जन्माच्या आधीपासून ठाऊक आहे गं. पण स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस, बरं झालं."

होतं काय, तर पेशीत डीएनएची लांबलचक साखळी असते. या किरणांनी शेजारच्या दोन कड्या एकमेकींना चिकटतात, साखळी तिथे वाकते आणि पेशीचं काम अडतं. जीवाणूंकडे एक एन्झाइम असतं. ते नेमकं त्या जागी जाऊन बसतं, साध्या निळ्या उजेडातून बळ घेतं आणि चिकटलेल्या कड्या सोडवतं. कापाकापी काही नाही. खिडकीतल्यांना उजेड मिळाला, म्हणून ते तगले.

माणसाकडे हे एन्झाइम नाही. आपल्या पेशी तुमच्यासारखं काम करतात. खराब भाग कापून काढायचा, तेवढाच नवा तुकडा बसवायचा. चांगली पद्धत आहे. पण वर्षानुवर्षं मार बसत राहिला की एखादी जागा दुरुस्तीतून सुटते.

प्लेटा खिडकीत का राहिल्या, ते सांगायचं टाळतेय. आईने फोटो पाठवला होता. दुकानासमोर उभे आहात, छान हसताय. तुमच्या डाव्या कानावरचा डाग मोठा झालाय, बाबा. कडेला खपली आहे. फोटो मोठा करकरून बघत बसले आणि कपाटाचं भानच राहिलं नाही.

ठिणगीचा चटका आहे म्हणाल. चटका दोन वर्षं टिकत नाही. डाग कसला आहे, ते मला ठरवता येणार नाही. पण वेळेवर दाखवलं तर अशा गोष्टी बहुतेकदा कापून काढता येतात. येत्या सोमवारी सकाळी त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आई नेईल. जा ना बाबा. मला फार भीती वाटते.

तुमचीच,
ठिणगी

१२ मार्च

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद.

पत्र फाडलं नाही. दुकान बरं चाललंय. शाळेच्या फाटकाचं काम आलंय, बिजागऱ्या पार गेलेल्या. मांजरीने ग्राइंडरच्या खोक्यात पिल्लं घातलीत, त्यामुळे खोकं तिचं आणि ग्राइंडर उघड्यावर. तुझे जीवाणू आवडले. ते एन्झाइम आपल्या वाटणीला का आलं नाही, ते मॅडमना विचारून कळव.

हो, हो, येतो मुद्द्यावर. डॉक्टर तुझ्याच वयाच्या निघाल्या. भिंगातून कान बघत विचारलं, "वेल्डिंग करताना शील्ड लावता ना?" मी छताकडे बघितलं. तुझी आई म्हणाली, "लावतात की. खिळ्याला."

फोनवर तुला म्हणालो, मलम दिलंय. ते अर्धंच खरं होतं. तुकडा काढून तपासायला पाठवला होता आणि आईला शपथ घातली होती. त्या दिवसांत माझा एकही जोड धड बसला नाही. तू घाबरत होतीस तेच निघालं, कॅन्सर. पण एका जागचा, वरवरचा. मागच्या आठवड्यात कापून काढला. काल कळलं, कडा स्वच्छ आहेत, मागे काही राहिलेलं नाही. आता अधूनमधून दाखवत राहायचं आणि शील्ड तोंडावर लावायची. कान जरा लहान झालाय. आई म्हणते, तसाही ऐकायला कुठे वापरत होता!

फोन का ठेवायचो, सांगतो. डाग मलाही रोज आरशात दिसत होता. नाव घेतलं की खरं होईल, असं वाटायचं. तू भीती वाटते लिहिलंस आणि मला बरं वाटलं गं. तोवर वाटायचं, मी एकटाच भितोय.

टाके सोमवारी काढणार आहेत. कात्री कानाशी आली की मी हाताला लागेल ते घट्ट धरतो. मागच्या वेळी आईचा हात धरला होता. ती म्हणते, बोटं अजून दुखताहेत, या खेपेला दुसरं कुणी बघा.

तू ये.

तुझाच,
घाबरट बाप